खळ्यावरची शाळा आणि मालगुजाराची पाटी

“माईक सोड! सोड म्हणतो ना बे, माईक सोड!”

बापूसाहेब ओरडत होते आणि त्यांचं ओरडणं माझ्याच भोंग्यांतून साऱ्या मंडईभर घुमत होतं; कारण माईकचं बूड माझ्या मुठीत होतं आणि डोकं त्यांच्या.

“कायले सोडू जी? माईक माहा, भोंगे माहे, वायर माही, जनरेटर माहा. तुमचं इथं फक्त भाषण हाय, ते बी दुसऱ्यानं लिहून देल्लेलं!”

“तुले बोलवलं कोनं? साउंडवाला हायेस, साउंडवाल्यावानी ऱ्हा!”

“साउंडवालाच बोलून राहिला! लोकहो, ही पाटी खोटी हाय! शुद्ध खोटी हाय!”

हे शेवटचं मी असं काही ओरडलो की उकडलेले शिंगाडे विकणाऱ्या बायकांच्या टोपल्यांतले शिंगाडे आपोआप सोलले गेले. आकाशपाळण्यावाल्यानं पाळणा थांबवला आणि वरच्या खुर्चीतलं जोडपं तिथंच लटकून ऐकत राहिलं. बिरशीच्या धावपट्टीवर उतरू पाहणारं शिकाऊ विमान, टॉवरवाल्यानं हाकललं असं समजून पुन्हा वर निघून गेलं. खोटं वाटत असेल तर बिरशीला जाऊन विचारा. मी काही विचारलेलं नाही, पण तुम्ही विचारा.

ही आमच्या पळसटोल्याची, काही वर्षांपूर्वीची दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा. भांडण होतं बसस्टँडजवळच्या भिंतीवर त्याच दिवशी लागलेल्या एका काळ्या दगडी पाटीचं. भिंत बाजारवट्याच्या कडेलाच, म्हणून मंडप आणि मंडई एकाच ठिकाणी. आता इतकी वर्षं झाली, तरी दिवाळी सरली, हलका धान कापून झाला आणि बांध्याबांध्यांतून, म्हणजे भाताच्या वाफ्यांतून, कापलेल्या धानाच्या कडपा वाळत पडल्या, की ती पाटी माझ्या नरड्यात येऊन आडवी बसते.

या दिवसांत आमच्याकडे सकाळ उजाडते ती वासानं. रात्रभर दव प्यालेल्या कडपांवर ऊन पडलं, की ओल्या चटईसारखा, थोडा उकडत्या भातासारखा, थोडा चिखलासारखा असा एक वास धुऱ्याधुऱ्यानं, शेतांच्या बांधांवरून, चालत गावात येतो. तळ्यातलं पाणी निवळलेलं असतं. करडईच्या फुलासारखं पिवळंधमक ऊन असतं, पण त्याला चटका नसतो. लोकांना या दिवसांत कविता सुचतात म्हणे. मला शिव्या सुचतात. एखादी तर अशी झकास सुचते, की ती वाया जाऊ नये म्हणून मी गाडी काढून बसस्टँडवर जातो, पाटीसमोर उभा राहतो आणि देऊन येतो. पाटी अजून तिथंच आहे. सडक अर्जुनीची बस यायला उशीर झाला की उभी असलेली शाळेची पोरं दुसरं काही वाचायला नसल्यामुळे तीच वाचतात. मोठ्यानं वाचतात. त्यांचा काही दोष नाही. वाचायला शिकवलेलं आहे त्यांना.

तर मूळ सारं वेल्समधून आलं.

वेल्स म्हणजे इंग्लंडच्या कुशीला चिकटलेला एक डोंगराळ देश. तिथं आमच्या श्रावणासारखा पाऊस बारा महिने पडतो आणि माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आहेत. मला लहानपणी शिकवणाऱ्या रामटेकेबाईंची नात प्रणाली तिथं एका लहानशा गावच्या दवाखान्यात नर्स आहे. त्या गावाचं नाव तिनं मला लिहून पाठवलं होतं. मी ते वाचायचा प्रयत्न केला तेव्हा माझी वरची कवळी हलली. असो. गाव केवढं? आमच्या शनिवारच्या बाजारात वांग्यांची रांग लागते तेवढं. पण सुट्टीला बाईंकडे आली तेव्हा प्रणालीनं मोबाईलवर फोटो दाखवले, तर भिंतीभिंतीवर गोल गोल पाट्या. या घरात अमका कवी राहत होता, तो इंग्रजीत नाही, आपल्या वेल्श भाषेत लिहायचा. या साध्याशा प्रार्थनाघरात अमका धर्मोपदेशक बोलायचा, आणि रविवारी मोठ्या माणसांना, हात राकट झालेल्या खाणकामगारांना वाचायला शिकवायचा. या शाळेत अमक्या मास्तरानं जन्म घालवला. आणि वर टेकडीवर झाडीत मोठं घर, तिथं जमीनदाराचं खानदान.

“आणि आजी, ऐक ना,” प्रणाली सांगत होती, “जुन्या काळी इथल्या शाळांमध्ये पोरगं घरची भाषा बोललं की त्याच्या गळ्यात लाकडाची फळी अडकवायचे. शिक्षा म्हणून.”

मी बाजूलाच बसलो होतो. माझ्या गळ्याला हात गेला. गोंदियाच्या हायस्कुलात मी पहिल्या दिवशी “कायले?” म्हणालो तेव्हा वर्ग असा हसला होता, की ती फळी मला आजही रुतते. त्या गळ्याला फळी बसण्याआधीची शाळा मात्र रामटेकेबाईंची होती. तिथं बाई म्हणायच्या, “तू तुझ्या बोलीत सांग. मी पुस्तकाच्या बोलीत लिहिते. दोन्ही तुझ्याच आहेत.”

बाई चष्मा कपाळावर सरकवून त्या गोल पाट्या पाहत होत्या. पाहून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

“मास्तराची पाटी कुठं लावली म्हणालीस?”

“शाळेवर, आजी.”

“आन् त्या जमीनदाराची?”

“त्याच्या घरावर.”

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या, आणि चहा गाळायला उठल्या.

गावात कोणाच्याही मोबाईलमध्ये आलेला फोटो संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाचा होतो. तसे ते फोटो फिरत फिरत बापूसाहेबांकडे पोचले. बापूसाहेब म्हणजे आमच्या मोठ्या मालगुजारांचे, म्हणजे इथल्या जुन्या जमीनदारांचे, चिरंजीव. मालगुजारी कायद्यानं गेली तेव्हा ते पाळण्यात असतील, पण ती गेली हे त्यांना अजून कोणी नीट सांगितलेलं दिसत नाही. पानठेल्यावर मोबाईल नाकाला लावून ते म्हणाले, “एवढंसं गाव, आन् एवढे थोर लोक? आपल्या पळसटोल्यात का कमी हायेत का? वेल्सवाल्यानं केलं, आपन काऊन नाई?”

झाली समिती. ठरली भिंत. आणि जसं वेल्समध्ये, अगदी तस्संच: लेखक, धर्मोपदेशक, शिक्षक आणि खानदानी मंडळी असे चार भाग. लेखकांत झाडीपट्टीचे एक नाटककार घेतले, ज्यांच्या नाटकात नायिका प्रत्येक अंकात मरायची आणि पुढच्या अंकात गाणं म्हणत यायची. धर्मोपदेशकांत एक कीर्तनकार घेतले, ज्यांनी ‘विठ्ठल’ म्हटलं की कुंभाराच्या आव्यातली मडकी तडकायची. यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, दोघेही जिवंतपणी उपाशी होते, मेल्यावर तरी दगड मिळाला. खानदानी मंडळींत मोठे मालगुजार, त्यांचे वडील आणि त्यांचे काका. मालगुजारांच्या पांढऱ्या घोड्याचंही नाव सुचवलं गेलं होतं. फोटो मिळाला नाही म्हणून राहिलं.

शिक्षकांचा दगड मात्र झाकून आणला. म्हणे सरप्राईज आहे. आणि पडदा ओढायला प्रमुख पाहुण्या कोण, तर रामटेकेबाई.

सारं गाव खूष झालं. मी तर असा खूष झालो की भोंगे चारही दिशांना बांधले, वर एक आकाशाकडे बांधला. झाकलेल्या दगडावर बाईंचंच नाव असणार, दुसरं कोणाचं असणार? पळसटोल्यात शिक्षण या शब्दाला दुसरं तोंडच नाही.

आता तुम्हाला ती शाळा सांगायला हवी.

आम्ही लहान असताना जिल्हा परिषदेची शाळा कापणीत रिकामी पडायची. रोवणीला पोरं चिखलात, कापणीला पोरं बांधीत. मायबाप कापायचे, आम्ही मागून सरवा वेचायचो; वेचलेल्या लोंब्यांचा भात त्या रात्री घरी शिजायचा, मग कोण जातं अ-आ-इ गिरवायला? हेडमास्तर हजेरीत गैरहजर लिहायचे आणि टेबलावर पाय टाकून घोरायचे. त्यांच्या घोरण्यानं शाळेचं कौल दरवर्षी इंचभर सरकायचं आणि पावसाळ्यात आमच्या वर्गात गळायचं.

अशात रामटेकेबाई आल्या. नव्या, तरण्या, सायकलवर. त्यांच्या बाबांनी छप्पनला नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती आणि परत येताना पोरीसाठी पाटी आणली होती, असं त्या सांगायच्या. बाईंनी पहिल्या कापणीत रिकामा वर्ग पाहिला, फळा गुंडाळला (त्यांच्याकडे मेणकापडाचा गुंडाळायचा फळा होता), सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि पोरं जिथं होती तिथं आल्या. पोरं होती मोठ्या मालगुजारांच्या खळ्यावर.

खळं म्हणजे काय चीज होती, ते आता हार्वेस्टर पाहणाऱ्यांना कळायचं नाही. आता मशीन बांधीत शिरतं, गुरगुरतं, धान पोत्यात आणि तणस मागे टाकून निघून जातं. कोणाच्या पायाला धानाचा काटा लागत नाही. तेव्हा सारी जमीन शेणानं सारवून काचेसारखी करत. कडेला धानाच्या पेंढ्यांची पुंजणी रचलेली, घरांएवढी. मधोमध खांब, त्याभोवती बैल फिरत धान चुरायचे. आणि खळ्यावर चप्पल घालून कोणी चढत नसे. देवळात एक वेळ चालेल, खळ्यावर नाही. ती लक्ष्मीची जागा. कडेला चपलांचा ढीग पडलेला असायचा, त्यात कोणाची कोणती हे संध्याकाळी वासावरून ओळखावं लागायचं. बाईंनी पहिल्या दिवशी आपल्या चपला काढल्या, त्या ढिगात नीट जोडून ठेवल्या, आणि अनवाणी खळ्यावर चढल्या.

दुपारी बैल सुटायचे, माणसं जेवायची, तेवढ्यात आमची शाळा. धानाच्या पेंढ्या म्हणजे बाक. सारवलेली जमीन म्हणजे पाटी. शेणाच्या हिरवट जमिनीवर पांढऱ्या खडूचं अक्षर असं उठायचं की ते वाचायला शिकावंच लागायचं, नाही वाचलं तर तेच आपल्याकडे पाहत राहायचं. पाढे आम्ही बैलांच्या फेऱ्यांवर म्हणायचो. लाल्या नावाचा एक बैल होता, तो आमच्याबरोबर शिकला. सातच्या पाढ्याला आला की थबकायचा, बरोबर आमच्यासारखाच. पुढे त्याला भंडाऱ्याच्या बाजारात विकला, तिथं तो चांगल्या हुद्द्यावर असेल.

आणि बायका. भाकरी खाऊन झाली, की हात झटकून आमच्या मागे येऊन बसायच्या. माझी माय बसायची. बाईंनी तिच्या हातात खडू दिला, हातावर हात धरला, आणि मायनं खळ्यावर आपलं नाव काढलं. मोठं, तिरकं, बैलगाडीएवढं. मग बैल जुंपले, फिरले, आणि नाव पुसून गेलं. मी रडायला लागलो. माय म्हणाली, “जाऊ दे गा. उद्या आखीन काढीन.” आणि दुसऱ्या दिवशी काढलं. त्या कापणीत माझ्या मायनं आपलं नाव रोज लिहिलं आणि रोज बैलांनी त्याचा धान केला.

धानाच्या धुळीत न्हालेली ती दुपार, खडूची पूड, नाकात शिरणारी तुसं, पुंजण्याच्या सावलीतला गारवा. एवढंच आठवायचं असतं तर मी आज फार गोड माणूस असतो.

एका दुपारी मोठे मालगुजार आले. त्यांच्या मिशा एवढ्या रुंद होत्या की दारातून आत येताना ते तिरपे व्हायचे, आणि शिंकले तर रायपूरकडे जाणारे ट्रक बाजूला थांबायचे. त्या दिवशी शिंकले नाहीत. नुसते उभे राहिले. बाईंकडे पाहिलं. मग बाईंच्या पायांकडे पाहिलं, त्या अनवाणी पायांकडे, सारवलेल्या जमिनीवरच्या.

“हे काय चालून राहिलं?”

“शाळा,” बाई म्हणाल्या.

मालगुजार वळून गेले. आम्हाला वाटलं, चला, परवानगी मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळं सारवलेलं होतं. आदल्याच आठवड्यात सारवलेलं खळं पुन्हा, कडेपासून कडेपर्यंत, ओलंगार, ताज्या शेणाचा घमघमाट. आणि आम्ही जिथं बसायचो, नेमकं तिथं, भलंमोठं पुंजणं रचून ठेवलेलं. बोलायची गरज काय? खळं कोणी रोज सारवत नाही. ते कधी सारवतात, काय झाल्यावर सारवतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बौद्धाची बाई खळ्यावर चढली, खळं बाटलं, खळं धुऊन काढलं. एवढं सारं त्या शेणानं सांगितलं, आणि मालगुजारांना तोंडही उघडावं लागलं नाही. मायनं त्या दिवशी विळा असा चालवला की धानाबरोबर धुराही कापला गेला असता.

बाई आल्या. कडेला उभ्या राहिल्या. चपला काढायला वाकल्या होत्या, त्यांनी पाहिलं, वास घेतला, आणि पुन्हा सरळ उभ्या झाल्या. सायकल वळवली. “चला रे,” म्हणाल्या, “आखरावर.” आखर म्हणजे गावची गुरं सकाळी जिथं गोळा होतात ती जागा. तिथं गुरांच्या मुतात, माशांत, गोठ्याच्या वासात आमची शाळा भरली, त्या कापणीला आणि नंतरच्या प्रत्येक कापणीला. तिथं चपला घालून बसायची मुभा होती. माय यायची. खडू शेणात चालेना, तर काडीनं मातीत नाव काढायची. पण खळ्यावर आला होता तसा ताठा त्या अक्षराला परत आला नाही, असं मला वाटतं. की माझ्याच डोळ्यांत काही गेलं होतं कोणास ठाऊक.

आता मंडईत या.

दुपार. उसाच्या मोळ्या, शेव-चिवड्याचे ढीग, रंगीत फुगे, गोवाऱ्यांची डफ घेऊन नाचणारी टोळी. बाई पांढऱ्या पातळात, खांद्यावर बापूसाहेबांनी घातलेली शाल, हातात नारळ. मी माईक त्यांच्या उंचीला लावून दिला. बाईंनी दोरी ओढली. पडदा पडला. बाईंनी चष्मा लावला आणि वर्गात वाचावं तसं, प्रत्येक शब्द सुटा करून, माईकवर मोठ्यानं वाचलं:

“शिक्षणमहर्षी. कैलासवासी मोठे मालगुजार. खळ्यावरच्या शाळेचे जनक.”

वाचून झालं. बाईंनी चष्मा काढला, मिटला, डबीत ठेवला. डबीचं झाकण बंद झालेलं पाचही भोंग्यांतून ऐकू आलं.

यात बापूसाहेबांनी बाईंची थट्टा केली, मुद्दाम अपमान केला, असं तुम्हाला वाटेल. तसं असतं तर मी त्यांना माफ केलं असतं! थट्टा करायला अक्कल लागते. ते खरोखर खूष होते. हसऱ्या तोंडानं टाळ्या वाजवत होते आणि बाईंनी आभार मानायची वाट पाहत होते. त्यांच्या घराण्याचा शेकडो वर्षांचा हिशेब आहे: खळं ज्याचं, त्यावर पडलेला दाणा पहिला त्याचा. कापणारा, बांधणारा, चुरणारा नंतर. मग खळ्यावर शाळा पडली, तर ती कोणाची? हा हिशेब त्यांच्या हाडात इतका मुरलेला आहे की त्याला खोटं बोलणंसुद्धा म्हणता येत नाही. माझा संताप तिथंच आहे. खोटारड्याला पकडता येतं. यांना कसं पकडायचं?

मी माईकवर झेप घेतली. त्याच्या पुढचं थोडंसं तुम्ही ऐकलंच आहे.

“खळं आमचं नव्हतं का?” बापूसाहेब माईक ओढत ओरडले.

“खळं तुमचंच होतं! शाळा कोनाची होती?”

“जागा कोनं देल्ली?”

“आखरावरच्या गाईनं देल्ली! तिची पाटी लावा! तुमच्या बाबानं खळं सारवून घेतलं, बाईच्या पायाखालचं, हे लिहा पाटीवर!”

“तू केवढा होतास बे तेव्हा? तुले का आठवते?”

“शेणाचा वास आठवते मले! आजबी आठवते!”

मग मी वेल्स काढलं. म्हणालो, तुमी वेल्सची नक्कल केली ना, मग पुरी करा. तिथं जमीनदाराची पाटी जमीनदाराच्या घरावर लागते आन् शाळेवर मास्तराची लागते. तिथल्या मेंढीलेबी हे समजते. तुमच्या बाबाची पाटी घेऊन जा आपल्या घरावर, दारावर लावा, छपरावर लावा, आमचा काही वांधा नाही!

अर्ध्या मंडईनं टाळ्या वाजवल्या. उरलेली अर्धी मंडई उसाच्या मोळ्यांकडे निरखून पाहू लागली, जणू आयुष्यात पहिल्यांदा ऊस पाहतेय. त्या अर्ध्या मंडईच्या बांध्या बापूसाहेबांकडून ठेक्यानं घेतलेल्या होत्या. त्यांच्यात माझ्याबरोबर पेंढीवर बसून पाढे म्हटलेले किती तरी होते. त्यांच्यावरचा राग मी अजून नीट काढलेला नाही. पुढच्या कापणीसाठी राखून ठेवतो, आणि पुढच्या कापणीला त्यातला एखादा येऊन माझा जनरेटर उचलायला हात लावतो, की पुन्हा राहून जातो.

दगड कोरणारा गोंदियाहून आलेला होता. लोक त्याच्यावर धावले तेव्हा तो हात जोडून म्हणाला, “भैया, जो लिखके दिया वही खोदा मैंने. पत्थर पे रबर नहीं चलता.” दिवसभरात कोणी खरं बोललं असेल तर तो.

शेवटी कोणीतरी जनरेटर बंद केला. माईक मेला. मी तसाच ओरडत राहिलो आणि आवाजात काडीचा फरक पडला नाही, हे मला मागाहून तीन गावांच्या लोकांनी सांगितलं.

बाई केव्हाच खाली उतरल्या होत्या. शाल त्यांनी खुर्चीवर घडी करून ठेवली होती. नारळ मात्र घरी आणला. म्हणाल्या, नारळाचा काही गुन्हा नाही.

पुढचे काही दिवस मी पेटलेला होतो. धान सुकत होता, आभाळ भरून येत होतं, लोक ताडपत्र्या शोधत होते, आणि मी गाडीवर भोंगा बांधून फिरत होतो: बाईंचं नाव लागलंच पाहिजे! विहारातल्या बायका माझ्याबरोबर आल्या. कुडव्याला, गोंदियात जाऊन राहिलेले बाईंचे जुने विद्यार्थी मोटारसायकली घेऊन आले. प्रणालीनं वेल्समधून आवाज रेकॉर्ड करून पाठवला. रडत रडत ती असं काही बोलली की तिथल्या एखाद्या कवीला तिची पाटी लावावी वाटली असती. मी तो आवाज भोंग्यावर लावला. पळसटोल्याच्या ओल्या हवेत, कडपांवरून, तळ्यावरून, त्या पोरीचा हुंदका फिरला. आमची मागणी एकच, आणि ती मीच घडवलेली: रामटेकेबाईंचं नाव. सोन्याच्या अक्षरांत. मालगुजारांच्या अक्षरांपेक्षा बोटभर मोठं.

बाईंना मात्र कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मला वाटलं, त्यात विचारायचं काय?

मग एका दुपारी बापूसाहेब बाईंच्या घरी आले. मी तिथंच होतो, दुसरं कुठं असणार? बाई अंगणात सुपानं धान पाखडत होत्या. तूस उडून उन्हात तरंगत होतं. बापूसाहेबांनी दाराशी चपला काढल्या, खाटेवर टेकले. चेहरा उतरलेला होता. मनात म्हटलं, जिंकलो.

“बाई,” ते म्हणाले, “गावात उगाच दोन तट पडून राहिले. मले ते नको. तुमचं नाव लावतो.”

मी उठून उभाच राहिलो.

“फक्त एक हाय,” बापूसाहेब पुढे म्हणाले. “त्या भिंतीवर गेलेलीच माणसं लागतात. वेल्सवाल्याचंबी तसंच हाय म्हणे. म्हणून बाबाच्या पाटीखाली तुमच्यासाठी जागा मोकळी ठेवतो. तुमच्यामागं पहिलं नाव तुमचंच. सोन्याच्या अक्षरात, हा दिवाकर म्हणते तसं. शब्द देतो तुमाले.”

माझ्या डोक्यात जे फुटलं ते बाहेर पडलं असतं तर वेल्सपर्यंत ऐकू गेलं असतं. पण बाईंनी माझ्याकडे न पाहता हात वर केला, वर्गात करायच्या तसा, आणि मी बसलो. त्यांनी सूप आणखी एकदा झटकलं. फोलपटं उडाली. मग बापूसाहेबांकडे पाहिलं.

“माझ्या नावाची काही घाई नाही,” बाई म्हणाल्या. “तुमच्या बाबाचं आज काढा.”